फैयाजच्या टाकीतली अळी

केडगावात पंपाच्या मोटारींचं रिवाइंडिंग करणारा फैयाज माझा शाळेपासूनचा मित्र. दहावीला आम्ही एकाच बाकावर, मार्कही सारखेच. तरी लोक जातात त्याच्या घरी. कारण त्याच्या पुढच्या खोलीतली चार फुटी काचेची टाकी. आत हिरवंगार रान आणि त्यात फिरणारे बोटभर मासे. टाकी माझ्याकडंही आहे: एक गोल्डफिश, एक प्लास्टिकचं झाड. माझी सख्खी आई म्हणते, "फैयाजच्या हाताला गुण हाय." जन्म नक्की कुणाला दिलाय, हे तिला एकदा विचारणार आहे.

दाताच्या डॉक्टर सीमाताईंना दवाखान्यात अशीच टाकी हवी होती. रविवारी त्या फैयाजची बघणार, आवडली तर काम त्याचं. मोटारींच्या वार्निशच्या वासातून सुटून हेच करायचं, असं तो चार वर्षं म्हणत होता.

आणि बुधवारी पानं खाल्लेली दिसली.

"गोगलगायी रे, ज्ञान्या." काकडीची चकती टाकून त्यानं ढीगभर पकडल्या. तरी शुक्रवारी निम्मं रान विरळ. मी बघायला गेलो. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. मग वाकून पाहिलं. पानाचा कात्रीनं कापावा तसा तुकडा हळूहळू चालला होता. त्यातून इवलं डोकं बाहेर आलं.

राजूरकडं मामाच्या भातखाचरात हिला लहानपणापासून बघतोय. सुरळीतली अळी. पतंग पानाखाली अंडी घालतो, अळी पानाची सुरळी करून आत राहते.

"व्हय, गोगलगायीच," मी म्हणालो आणि घरी आलो.

शनिवारी गेलो तर हा गोगलगायी मारायचं औषध घेऊन उभा. "ओततो. माझे झिंगे मरतील, पण पानं वाचतील." ते लाल, कोळंबीसारखे झिंगे त्यानं पिलांपासून वाढवलेले. बाटलीचं झाकण निघालं होतं.

"थांब. गोगलगायी कुजकं पान खातात. हे कापलेलंय, बघ. अळी हाय."

"तुला कधी कळलं?"

"काल."

"आणि गप बसलास?"

"जळत हुतो तुझ्यावर."

त्यानं बाटलीला झाकण लावलं. "अजून जळतोयस?"

"लई."

"मग जळता जळता दोरी शोध. तुझा मामा काय करतो, ते सांग."

मामाकडं दोघं दोन टोकं धरून पिकावरून दोरी ओढतात, सुरळ्या पाण्यात पडतात. आम्ही सुतळी ओढली. सुरळ्या तरंगल्या, त्या चहाच्या गाळणीनं काढल्या, पानाला चिकटलेल्या होत्या त्या चिमट्यानं. खाल्लेली पानं छाटली, पतंग येऊ नये म्हणून वर जाळी लावली.

रविवारी सीमाताईंनी काम दिलं. फैयाज म्हणाला, "मॅडम, रान वाचवलं ते ह्यानं," आणि दोरीची अख्खी गोष्ट सांगितली. शुक्रवार तेवढा गिळला.

हुन्नर एक वेळ शिकलो असतो. आता त्याच्या स्वभावावरही जळायचं म्हणजे माझं काम वाढलंच.