राजूर घाटातले हेडलाईट

१४ डिसेंबर २०२३, गुरुवार. जीपच्या हेडलाईटचं वायरिंग बदलायला सांगितलं होतं, मजुरी-सामान धरून १,८५० रुपये ठरले होते. घाटात माझ्यासोबत गाडीत दोघं होते : बायको सुनंदा आणि शेजारचे बाळूभाऊ. एवढं लिहून ठेवतो, कारण ऐकणारे पहिल्यांदा हेच विचारतात.

मोताळ्यात माझं खताबियाण्याचं दुकान आहे. वय बावन्न. भूतखेत, साक्षात्कार असल्या गोष्टींवर कधी विश्वास ठेवला नाही, आजही ठेवत नाही.

जीप १९९६ ची. दिव्यांचा सगळा करंट स्विचमधून जायचा, स्विच तापून लाईट मधेच जायचे. वायरमन सलीमभाईंनी जुनी वायर पूर्ण उपसून टाकली आणि नवी ओढली. दोन्ही दिव्यांना मिळून आता एकच फ्यूज. सलीमभाईंची एक पद्धत आहे... काम अपुरं असलं की फ्यूज काढून शर्टाच्या खिशात ठेवायचा, म्हणजे कोणी घाईत गाडी नेऊन लाईट लावले तरी वायर जळत नाही. हे मला ठाऊक होतं.

साडेपाचला बाळूभाऊंचा फोन आला. "भाऊ, वहिनीले साप चावला. कापूस वेचता वेचता. लवकर या."

सलीमभाईंकडे धावलो, तर ते नमाजला गेले होते. चावी गाडीलाच होती. बोनेट आपटलं आणि निघालो. फ्यूजचा विचारही मनात आला नाही.

शेतातून सुनंदाला मोताळ्याच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी इंजेक्शन सुरू केलं, पण तिच्या पापण्या मिटायला लागल्या होत्या. ते म्हणाले, श्वास कधीही थांबेल, बुलढाण्याला न्या. ॲम्ब्युलन्स दुसरा पेशंट घेऊन गेली होती, तासभर येणार नव्हती.

सहा पन्नासला निघालो. अंधार पडला होता. स्विच ओढला — दोन्ही दिवे लागले. राजूर घाटात प्रत्येक वळण, कठडा, कडेचा दगड स्वच्छ दिसत होता. समोरून येणाऱ्या ट्रकवाल्यानं डिपर मारला, मीही दिवे खाली केले.

मागून बाळूभाऊ तिला बोलतं ठेवत होते. "वहिनी, झोपू नका. घरी गेल्यावर चहा कोन देईन मले?"

ती जड जिभेनं म्हणाली, "तुमच्या बायकोले सांगा."

एक्केचाळीस मिनिटांत पोचलो. तिला आत नेऊन मशीनवर घेतलं. डॉक्टर म्हणाले, आणखी दहा मिनिटं उशीर झाला असता तर अवघड होतं. बाहेर आलो तर गाडीचे दिवे तसेच चालू, उजेड समोरच्या भिंतीवर. तेवढ्यात सलीमभाईंचा फोन आला.

"भाऊ, कुठी हाये तुम्ही? अंधारात गाडी काढू नका बरं. फ्यूज माह्या खिशात हाये."

"लाईट लावूनच तं घाट चढून आलो."

"मजाक करता का भाऊ? हातात धरून बोलून राह्यलो मी."

बोनेट उघडलं. बाळूभाऊंनी मोबाईलची बॅटरी धरली. फ्यूजची जागा रिकामी होती. दोन्ही पत्र्या उघड्या, मधे काही नाही... आणि समोर भिंतीवर उजेड पडलेलाच. मी जाऊन स्विच बंद केला. पुन्हा ओढला. दिवे लागले नाहीत. पंधरा-वीस वेळा ओढला.

"बंद काऊन केले भाऊ?" बाळूभाऊ एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सलीमभाई स्वतः बुलढाण्याला आले. टेस्ट लॅम्प लावून वायर इंच-इंच तपासली. कुठं सोललेली नाही, कुठं टेकलेली नाही, फ्यूजच्या पुढं करंट नाही. फ्यूज बसवला तेव्हाच दिवे लागले. नंतर आणखी दोन वायरमनना दाखवली. तेही हेच म्हणाले. मला याचं कारण आजतागायत सापडलेलं नाही, आणि सापडल्याचं खोटं सांगणार नाही.

सहाव्या दिवशी सुनंदा घरी आली. सलीमभाई फक्त सामानाचे पैसे मागत होते. "त्या दिवशी माहं काम झालंच नोतं वहिनी. मजुरी कायची घेऊ?"

ती म्हणाली, "दिवसभर गाडीखाली झोपले ना तुम्ही? मंग घ्या." तिनं स्वतः मोजून पूर्ण १,८५० रुपये त्यांच्या हातावर ठेवले. पावतीवर सामानाची यादी त्यांनी नीट लिहिली. खाली मजुरीचा आकडा टाकला, पण कशाची मजुरी ती जागा कोरीच ठेवली.