डाव्या हातानं पारख

वसमतला जुन्या सायकलींच्या दुकानात तो माणूस मला एकदाच भेटला. नव्वदच्या दशकातली गोष्ट. दुकानदार ब्रेक दाबून दाखवत होता, घंटी वाजवत होता. हा मात्र प्रत्येक सायकल दांडीला धरून फक्त डाव्या हातानं उचलायचा आणि दंड थरथरला की खाली ठेवायचा.

"दोन हात लावा की," दुकानदार वैतागला.

"पोरीत माझ्या या हाताइतकीच ताकद हाय. तांड्यापासून चिखल, मधी नाला, मंग सडक. नाल्यात तिला सायकल उचलता आली न्हाई तर शाळा बंद. नवी परवडत न्हाई."

सगळ्या जड निघाल्या. शेवटी त्यानं कोपऱ्यातली हलक्या फ्रेमची उचलली. ती छातीपर्यंत गेली, तरी दंड थरथरला नाही.

"ती इकायची न्हाई," दुकानदारानं माझ्याकडे बोट दाखवलं. " ह्या साहेबांची हाय, पंक्चरला आलीय."

त्यानं ती अलगद टेकवली, पण दांडीवरचा हात काढला नाही. मला चीड आली. खिशातली सायकलच्या कुलपाची किल्ली मी घट्ट धरली.

"साहेब," त्यानं विचारलं, "तुमच्या वाटंत नाला हाय का?"

हट्टा गावाहून मी रोज डांबरी सडकेनं यायचो.

"न्हाई," मी म्हणालो, आणि किल्ली बाहेर काढून त्याच्यापुढे धरली.