गाळ बसेपर्यंत

ऐंशीनंतरची ती वर्षं. मी कोल्हापुरात सिव्हिल इंजिनिअरिंग शिकवत होते. आमचे विभागप्रमुख, ज्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो, निवृत्तीला आले होते. कुरुंदवाडच्या बाजूच्या एका साखर कारखान्यानं त्यांना विचारलं, बॉयलरची राख आणि चिखल टाकून भरलेल्या तळ्यावर गोदाम बांधायचंय, तर तो गाळ बसून घट्ट व्हायला किती काळ लागेल?

सरांनी कारखान्यातलंच एक मोडीत निघालेलं यंत्र मागून घेतलं. साखरेचे दाणे पाकातून वेगळे काढायचं, गरगर फिरणारं. त्याची जाळी काढून दोन दांडे बसवले. एकाला गाळाचं काच लावलेलं भांडं, दुसऱ्याला तोलाचं वजन. ते फिरलं की गाळ स्वतःच्या शंभरपट वजनानं दाबला जायचा. दोन बोटं जाडीचा थर तळ्यातल्या दोन पुरुष खोल गाळासारखा वागायचा, आणि थर पातळ असल्यानं पाणी चटकन निघून तासाभरात त्याचं वर्षापेक्षा जास्त आयुष्य सरायचं.

ऐकायला सोपं वाटतं. उन्हाळा सगळा त्यात गेला. सरांनी आणि मी रविवारी सकाळची कारखान्याकडची एस.टी. धरायची, यंत्र चालू करायचं आणि दुपारी वीज जायची. फिरणं थांबलं की दाबलेला गाळ पाणी पिऊन पुन्हा फुगायचा. मग भांडं धुवा, नवा गाळ कालवा, पुढचा रविवार बघा. घरी आल्यावर मी जेवताना बोलत नसे. नवऱ्यानं एकदा विचारलं, "बसला का गाळ?" मी म्हटलं, "मीच बसलेय."

शेवटी गळीत हंगाम सुरू झाला. हंगामात कारखाना स्वतःची वीज स्वतः करतो, म्हणून आम्ही तिथल्या गोंगाटात आणि उकळत्या रसाच्या वासात यंत्र चालवलं. फिरणारं भांडं दिसावं म्हणून त्याच्या वेगाशी जुळवून उघडझाप करणारा दिवा लावला होता. त्यात भांडं जागच्या जागी उभं असल्यासारखं दिसे आणि काचेवरच्या रेघा वाचता येत. अर्ध्या तासानं डोळ्यांतून पाणी यायचं. मग सर बसायचे, मग पुन्हा मी.

शेजारच्या यंत्रावरचा ऑपरेटर येता-जाता ओरडायचा, "बाई, किती वर्सं झाली?"

"चार झाली."

"आनि अजून बसतोयच व्हय?"

बसतच होता. संध्याकाळी यंत्र थांबवलं तेव्हा गाळाची आठ-नऊ वर्षं उलटली होती आणि रेघ अजून खाली सरकत होती. सरांनी दिवा बंद केला आणि तिथंच स्टुलावर डोळे मिटून बसले. आनंद वगैरे दोघांनाही झाला नाही. परतीच्या एस.टी.त मी अशी झोपले की कंडक्टरनं स्टँडवर उठवलं.

तीच चाचणी आणखी दोनदा केली. उत्तर तेच आलं: नऊ वर्षांनीही गाळ पुरता बसत नाही.

चेअरमनांनी सगळं ऐकून घेतलं. "नऊ वर्सं? सर, तवर ह्या खुर्चीत मी असतोय व्हय? वरनं तर कडक झालंय की. मानसं चालत्यात त्यावरनं."

"माणसं चालतील," सर म्हणाले. "गोदाम नाही चालणार."

शेवटी चेअरमन म्हणाले, "बरं, मग माळावर बांधू." खर्च वाढणार म्हणून ते आमच्यावर नाराज दिसले. चहा मात्र पाजला.

गोदाम माळावर झालं. उद्घाटनाला आम्हाला कुणी बोलावलं नाही. हंगाम संपल्यावर यंत्र भंगारात गेलं आणि सर निवृत्त झाले.

दुसऱ्या वर्षी कारखान्याच्या इंजिनिअरनं मला कॉलेजात फोन केला. तळ्यावर गवत आलं होतं, कुणाची तरी म्हैस चरायला शिरली आणि पोटापर्यंत रुतली. दोर लावून, फळ्या टाकून दिवसभर काढत होते. आता तिथं तारेचं कुंपण घालतोय, म्हणाला.

मी सरांच्या घरी जाऊन सांगितलं. आमचं उत्तर बरोबर निघालं, असं ते म्हणतील असं वाटलं होतं.

"म्हैस वाचली ना?" त्यांनी विचारलं.

"वाचली."

"मग बरं झालं," म्हणाले, आणि आतल्या खोलीत पाठ टेकायला गेले.