पुढचा स्वेटर माझ्या मापाचा

पुढचं काय विणायचं, हे मी आजवर एकाच गोष्टीवरून ठरवत आलो: पटकन लपवता येईल असं काय आहे. बाळाचं टोपडं उशीखाली मावतं. मोजे खिशात मावतात. मोठ्या माणसाचा स्वेटर कुठेच मावत नाही, म्हणून तो कधी विणला नाही.

मी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर पार्ट मोजायचे, ड्रॉइंगशी ताडून पाहायचे, चुकलेला बाजूला काढायचा. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. विणकाम मात्र पदवीच्या खूप आधी शिकलो, तालुक्याच्या शाळेत, सातवीत. कार्यानुभवाच्या तासाला आमच्या बाईंनी मुलगे-मुली असा भेद केला नाही. सुया विकत आणणं बऱ्याच जणांना जमणारं नव्हतं, म्हणून त्यांनी सायकलच्या जुन्या तारा आणायला सांगितल्या आणि वर्गाबाहेरच्या फरशीवर आम्ही त्यांची टोकं घासली. सुलट टाका, उलट टाका, चुकलं तर उसवायचं आणि रडायचं नाही. पुढे कॉलेजात प्रॅक्टिकलला माझा हात कधी थरथरला नाही, त्याचं श्रेय मी त्या तारांना देतो. बाईंचे उपकार मी विसरलेलो नाही. तरीही पंधरा वर्षं त्यांची शिकवण मी दार लावून वापरली.

चिंचवडच्या आमच्या भाड्याच्या घरात लोकर दिसली की येणारा प्रत्येक जण बायकोचं कौतुक करायचा. आम्ही तेच चालू दिलं. दादाच्या मुलीच्या बारशाला मी पिवळ्या लोकरीचा सेट विणला, टोपडं, स्वेटर आणि मोजे, आणि तो बायकोच्या नावाने गावी गेला. आईने तो आल्यागेल्याला दाखवला. "धाकटीचा हात बघा कसा सुबक हाय." आम्ही बारशाला गावी गेलो, तेव्हा शेजारच्या एका काकूंनी सुया आणि लोकर आणून थेट बायकोच्या हातात दिली. "मला ते टोपड्याचं कानाजवळचं विणून दाखव गं." बायको म्हणाली, मनगट दुखतंय. मग दोन दिवस ती मनगटाला फडकं बांधून वावरली, आणि बारशाच्या पोळ्या लाटल्या नाहीत म्हणून बोलणीही खाल्ली.

परतीच्या एसटीत ती म्हणाली, "पुढचं काय विणायचं ते विणा. माझ्या नावावर नको."

"लोक काय म्हणतील?"

"मला म्हणतात ते चालतं का तुम्हाला?"



महिनाभराने तिला वहिनीचा फोन आला. वहिनीची धाकटी बहीण मारुंजीला राहते, तिला आठवा महिना लागला होता. तसाच सेट हवा, गुलाबी नको, पांढराही नको. बायको म्हणाली, "ह्यांना विचारून सांगते." वहिनी हसली. "टाके घालायलाही नवऱ्याला विचारतेस का?"

म्हणजे सेट विणायचा, तर बायकोने पुन्हा मनगट बांधायचं. नाहीतर कपाटात वर्षभर पडून असलेल्या गडद हिरव्या लोकरीचा, पूर्ण बाह्यांचा, माझ्यासाठी स्वेटर विणायचा. तो लपणार नव्हता.

कंपनीच्या बसमध्ये मी चौकटीच्या कागदावर त्या स्वेटरची आकृती काढत बसलो. तळवड्याच्या चौकात बस अडकली की अर्धा तास हलत नाही. सवयीने मी छातीच्या मापापुढे टॉलरन्सही लिहिला, म्हणजे माप किती कमीजास्त झालेलं चालेल तो आकडा. माझ्या शेजारी प्रेस शॉपमधला एक मित्र बसतो. त्याने मान वाकडी करून पाहिलं.

"कुठला पार्ट रे हा?"

"नवीन आहे."

"पाच मिलिमीटर टॉलरन्स? कस्टमर हाकलून देईल राव." मग तो खरंच विचार करायला लागला. "आणि हे वरचं भोक कशासाठी?"

ते भोक माझ्या गळ्याचं होतं. मी म्हणालो, "बोल्टसाठी."

एवढा मोठा बोल्ट कुठे लागत असेल, याचा तो बिचारा चाकण येईपर्यंत विचार करत राहिला. मला लाज वाटली ती त्या बोल्टची. मापं खरी लिहायची म्हणून मला पगार मिळतो.

त्या संध्याकाळी मीच वहिनीला फोन लावला. "वहिनी, तो पिवळा सेट मी विणला होता. बहिणीसाठी हवा असेल तर आनंदाने विणेन. पण विणला कुणी, ते बारशात खरं सांगायचं."

"भावोजी, चेष्टा करताय का?"

"नाही."

वहिनी म्हणाली, "तिच्या सासरी कसं सांगू हे? राहू द्या. आम्ही विकतचा घेतो." आणि फोन आईकडे गेला.

"एवढं कॉलेज शिकून सुया धरल्यास व्हय?"

"सुया आधी धरल्या, आई. कॉलेज नंतर."

"गड्याचं काम हाय का ते?"

"शाळेत शिकवलं होतं. बाईंनी शिकवलेलं गणित तुला चाललं. मग हे का चालत नाही?"

मला वाटलं, आता फोन ठेवेल. मी पदवीधर झालो तेव्हा तिने सगळ्या गल्लीला पेढे वाटले होते, आणि आता त्याच गल्लीला तिला हेही सांगावं लागणार होतं. त्याचं मला वाईट वाटत होतं. शब्द मागे घ्यावेसे मात्र वाटले नाहीत.

"टोपडं कानापाशी सैल होतं," ती शेवटी म्हणाली. "सारखं डोळ्यावर यायचं पोरीच्या. सूनबाईला वाईट वाटंल म्हणून बोलले न्हाई."

"माप घेताना मी वाढवून धरलं. माझी चूक."

"मग नीट घेत जा," म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसल्याबरोबर मी पिशवीतून हिरवी लोकर काढली आणि पाठीचे टाके घालायला लागलो. एकशे दहा घालायचे होते. चाळिसाव्या टाक्याला मागून कुणीतरी "ताई, जरा सरका" म्हणालं आणि दोन रांगा हसल्या. प्रेस शॉपच्या मित्राने लोकरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हा तो पार्ट?"

"हाच. बोल्ट कसला, गळा आहे तो. काल खोटं बोललो."

त्याने आवाज खाली आणला. "भावा, बॅगेत ठेव. आख्खी बस हसतेय."

"हसू दे. चाकणला पोचायला तास आहे. तेवढ्यात त्यांचं हसून होईल आणि माझे टाके घालून होतील."

तळवड्याला बस पुन्हा अडकली. बोलण्याच्या नादात माझी मोजणी चुकली होती, एकशे नऊच भरले. मी आणखी एक टाका घातला आणि पहिली ओळ सुरू केली.