अक्कांची जपानी फॅशन

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि माझ्या सासूबाईंचं, म्हणजे आमच्या अक्कांचं, नऊवारी लुगडं सुटलं. कासोटा घालायचा तर पाय वाकायला हवा, आणि तो वाकेना. मी धुळ्याहून दोन सुती गाऊन आणले. घरात घातले त्यांनी, पण उंबऱ्याबाहेर पडायचं नाव नाही. डॉक्टर बजावून बजावून थकले की बाहेर चाला, नाहीतर गुडघा कायमचा आखडेल.

"गाऊन घालीसन गल्लीमा फिरू? लोके काय म्हनतीन?"

आता गल्लीतल्या झाडून सगळ्या सुना गाऊनवर ओढणी टाकून दळण आणतात. पण सुनांचं वेगळं म्हणे! मी मुळात तापट. समजावून समजावून माझं डोकं फिरलं होतं, आणि आतून भीतीही वाटत होती, की ही बाई आता खाटेवरून उठतच नाही.

मी भडगावला शाळेत चित्रकला शिकवते. वर्गात दाखवायला जपानी चित्रांच्या प्रती काढून आणल्या होत्या. जुनी चित्रं, लाकडी ठशांनी छापलेली, तिकडे विलायती कपडे नुकते शिरले तेव्हाची. अक्कांनी चष्मा चढवून एक हातात घेतलं. भर बाजारात एक बाई किमोनोत, दुसरी घेरदार विलायती झग्यात. आणि मागे एक बुवा, अंगात किमोनो, डोक्यावर साहेबी गोल टोपी, पायात बूट.

"हाई काय सोंग शे?"

"सोंग कसलं? अर्धं साहेबाचं, अर्धं घरचं. तेव्हा तिकडे असंच चालायचं."

"लोके हसनात नईत का?"

"हसले असतील. पण चित्रात बघा ना, कोणी वळूनसुद्धा पाहत नाहीये."

अक्का त्या बुवाकडे बराच वेळ बघत राहिल्या. मीही मग नाद सोडला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चहा ठेवत होते, तर अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. अंगात गाऊन, आणि त्यावर जुन्या लुगड्याचा फाडलेला तुकडा, डोक्यावरून पदरासारखा घेतलेला.

"आर्धं सायबनं, आर्धं मनं," म्हणाल्या. "चाल."

अगं बाई! मी गॅस बंद करून तशीच निघाले. त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. चार घरं गेलो नाही तोच त्यांची मैत्रीण ओट्यावरून ओरडली, "हाई काय घालेल शे वं माय?"

झालं, मी मनात म्हटलं, आता फिरतात माघारी.

अक्का थांबल्या. पदर सारखा केला.

"जपानी फॅशन शे!" म्हणाल्या, आणि माझा हात सोडून पुढे चालू लागल्या.