पाटाचे चार स्क्रू

दिवाळीत मी ताट फेकलं, हे खरं आहे. भाजीत मीठ जास्त होतं, हेही खरं आहे. पण आमच्या घरात पहिली गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आहे आणि दुसरी कोणाच्याच नाही. वांग्याची भाजी भिंतीवर उडाली, ताट घरंगळत दारापर्यंत गेलं आणि दारात माझी चार वर्षांची नात उभी होती. बायकोनं नेहमीसारखं ताट उचललं, भिंत पुसली. सुनेनं मुलीला उचलून आत नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊबीजेलाही न थांबता ती मुलीला घेऊन सुरतेला निघून गेली. माझा मुलगा गाडी चालवायला होताच.

त्याआधीच्या उन्हाळ्यात नात आमच्याकडे पंधरा दिवस एकटी राहिली होती. या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, याल तेव्हा तिला आठ दिवस तरी ठेवून जा, असं मी मुलाला फोनवर म्हटलं. तो म्हणाला, "ती म्हणते, बघू."

बघू! पस्तीस वर्षं मी हायस्कूलात गणित शिकवलं. माझी चप्पल वाजली की वर्ग गप्प व्हायचा. आणि आता काल आलेली सून मला बघू म्हणते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण फोनवर मी ती गिळली. कारण मला ती पोरगी हवी होती. ती आली की या घरात माझ्याशी कोणीतरी आपणहून बोलतं. बाकी सगळे विचारलं तेवढंच सांगतात, आणि बायको तर तेवढंही सांगत नाही.

एकदा व्हिडिओ कॉलवर नातीनं मला तिचं स्वयंपाकघर दाखवलं. प्लास्टिकचं, गुलाबी, बटण दाबलं की दिवे लागणारं आणि फोडणीसारखा आवाज करणारं. माझ्या व्याह्यांनी घेऊन दिलेलं. हा माणूस कोणतीही वस्तू खोक्यातून काढून देतो आणि मग स्वतःच टाळ्या वाजवतो. मी त्याच क्षणी ठरवलं, की मी हातानं करीन, लाकडाचं करीन, आणि ते ओसरीत असं ठेवीन की पोरगी स्वतःच म्हणेल, मला इथंच राहायचं.

गोठ्याच्या मागं जुन्या दाराची सागवानी फळी पडली होती. ती रंधून घेतली. तिचा ओटा केला, नातीच्या कमरेएवढा. गॅसच्या शेगड्यांसाठी तेलाच्या डब्यांची दोन झाकणं ठोकली, बटणं बाटल्यांच्या बुचांची. स्टीलची वाटी फळीत बसवून बेसिन केलं. पपईच्या शेतातल्या ठिबकचा एक जुना कॉक होता, तो वर लावला, की झाला नळ. तो खरोखर फिरायचा. मागं दोन फळ्यांची मांडणी, तिला खिळे, खिळ्यांना डाव अडकवायचे. हे सगळं एका मोठ्या प्लायवर पक्कं केलं, म्हणजे उचलून कुठंही ठेवता येईल. वीस दिवस उन्हातान्हात मी हे करत होतो आणि या वीस दिवसांत बायकोनं एकदाही विचारलं नाही, काय करता म्हणून.

मांडणीवर डबे कसे लावायचे, हे ठरवायची वेळ आली तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात गेलो. ती कण्या पाखडत होती.

"तिखटना डबा कोठे ठेवतस तू?" मी विचारलं.

तिनं सूप खाली ठेवलं. "चाळीस वरीस व्हयनात. आते इचारी ऱ्हायनात?"

एवढंच. डबा दाखवला नाही. मीही मग आत पाऊल टाकलं नाही. आमच्या घरात पुरुषांचं पान दारालगत मांडतात, आणि माझ्या बापासारखा मीही त्या पानाच्या पलीकडे कधी गेलो नव्हतो. म्हटलं, तुझ्यावाचून काही अडत नाही. मला जे आठवत होतं तसं मी केलं. माझ्या आठवणीत स्वयंपाकघर म्हणजे समोर ओटा, आणि अलीकडे पाट. म्हणून ओट्यापुढे वीतभर जागा सोडून मी एक छोटा पाट बसवला. हलू नये म्हणून चार स्क्रू मारले, खाली सुतारकामाचा गोंदही लावला. पाटापुढे नातीच्या बारशात आलेलं छोटं ताट ठेवलं. लांबून पाहिलं. मला ते हुबेहूब वाटलं.

आखाजीच्या दोन दिवस आधी मी ते ओसरीत मांडलं. बायको पाण्याची घागर घेऊन आत जात होती. ती थांबली. बराच वेळ पाहिलं तिनं.

"रांधनारी कोठे उभी ऱ्हाई?" ती म्हणाली.

मी पाहिलं. ओट्याशी उभं राहायचं तर पाटावर उभं राहावं लागत होतं. दुसरी जागाच नव्हती. माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर होता, आणि हातात दोन दिवस होते. पण तिच्या तोंडावर जे होतं ते पाहून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हसू नव्हतं ते. हसली असती तर मी कदाचित स्क्रू काढलेही असते. वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या पोराकडे मी जसा बघायचो, तशी ती माझ्याकडे बघत होती.

"तुले कोनी इचारं?" मी म्हटलं आणि स्क्रूड्रायव्हर पेटीत टाकून दिला.

आखाजीच्या सकाळी ते आले. मुलानं डिकीतून एक मोठी बॅग काढली आणि एक छोटी, मुलीची, सशाचं चित्र असलेली. छोटी बॅग वेगळी भरली होती, हे पाहून माझा जीव भांड्यात पडला. सुनेनं ती आत नेली नाही, ओसरीतल्या खाटेवर ठेवली. म्हणजे अजून बघूच चाललं होतं.

नातीनं मात्र स्वयंपाकघर पाहिलं आणि अशी किंचाळली, की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. तिनं नळ फिरवला, बुचं फिरवली, डाव काढले, अडकवले. "आबा, हे तुम्ही केलं? खरंच तुम्ही?" असं तिनं चार वेळा विचारलं. मी चार वेळा हो म्हटलं. प्लास्टिकच्या किचनचं नावही निघालं नाही. सून दाराशी उभी होती. ती म्हणाली, "छान केलंय, बाबा." मग तिनं सशाची बॅग उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली. मी बायकोकडे पाहिलं. पाहा म्हटलं मनात, पाहा आता.

दुपारी आमरस, पुरणपोळी झाली. जेवताना मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही, रस पातळ होता तरी. जेवणं आटोपल्यावर सगळे ओसरीत बसले. मुलगा मोबाइल घेऊन खाटेवर, सून त्याच्या पायाशी, मी माझ्या खुर्चीत. नात पाटावर बसली होती. दुसरं बसणार कुठं?

"आजी, तू रांध," ती म्हणाली.

बायको भिंतीला पाठ लावून ओट्याच्या बाजूला टेकली. तिनं परसातून लिंबाचा पाला आणला होता, मूठभर ज्वारी आणली होती. बाजूनं हात लांब करकरून तिनं झाकणावर ते शिजवलं, डावानं ढवळलं आणि नातीच्या ताटात वाढलं. नातीनं चिमूटभर उचलून तोंडाजवळ नेलं. मग तिच्या भुवया वर गेल्या, नाक फुगलं. तो चेहरा मी ओळखला. दाढी करताना आरशात रोज बघतो मी तो.

"हाई काय भाजी शे?" ती ओरडली. "ढोरंबी खावाव नहीत!"

सुरतेची पोरगी, अहिराणीचं वाक्य तिला एरवी धड बोलता येत नाही. ढोरंही खाणार नाहीत, हे एक मात्र तिला शब्दन् शब्द पाठ होतं. तिनं दोन्ही हातांनी ताट उचललं आणि फेकलं. ताट भिंतीला लागलं, फरशीवर गोल गोल फिरलं आणि वाजत वाजत थांबलं. ज्वारी सगळीकडे झाली.

तिला कोणी रागावलं नाही. ती हसत माझ्याकडे बघत होती, बरोबर झालं ना, अशा नजरेनं. मग आजीकडे वळून म्हणाली, "उचल ना, आजी. तू उचलतेस ना?"

बायको हलली नाही. ती नातीशी बोलली, पण बघत माझ्याकडे होती. "मी लई उचलं, बेटा. आते मी उचलाव नही."

"पोरीले हाई तूच शिकाडं!" मी खुर्चीतून उठून बायकोवर ओरडलो. इतक्या जोरात, की नात दचकली आणि आईकडे पळाली. खरं तर मला कळलं होतं, कोणी शिकवलं ते. म्हणूनच ओरडलो.

सून भांडली असती तर मी भांडलो असतो. मी तयार होतो. ती फक्त आत गेली, सशाची बॅग घेऊन आली आणि गाडीच्या डिकीत ठेवून आली. उन्हं उतरायच्या आत ते निघाले. नात काचेतून हात हलवत होती. पुढच्या वेळी नळात पाणी घालायचं हं आबा, असं काहीतरी म्हणत होती.

ताट तिथंच पडलं होतं. बायको दोनदा आली-गेली, दोन्ही वेळा ते ओलांडून गेली. मी खुर्चीत बसून वाट पाहत होतो, हे कबूल करतो. चाळीस वर्षांची सवय, कधीतरी वाकेल म्हटलं. मग मीच वाकलो. गुडघे बोलले. ज्वारी हातानं गोळा केली, ताट धोतरानं पुसलं आणि स्वयंपाकघराच्या दारात गेलो. आत किती फळ्या होत्या, किती डबे, किती कोनाडे! ताटं कुठं ठेवतात, हे मला ठाऊक नव्हतं.

"हाई कोठे ठेवतस?" मी विचारलं.

ती पाठमोरी उभी राहून भांडी लावत होती. तिनं वळून पाहिलं नाही, आणि मी ताट हातात धरून दारातच उभा राहिलो.