आला होता वास

पालमच्या स्टँडमागं आमचं मिरची कांडपाचं दुकान हाय. मी भागम्मा. जिभेनं तिखट हाय हे आधीच सांगते, मागून कुणाकडून कळण्यापरीस. माझा नवरा विरेश म्हणतो, मशीन बंद पडली तरी हिचा आवाज चालूच. म्हणू द्या. पण माझ्या हातच्या मसाल्याचं गावात नाव हाय, आन ते माझ्या नाकामुळं. धने किती भाजायचे, खोबरं कवा उतरवायचं, हे मी नुसत्या वासावर सांगते.

त्या नाकाची मला लय घमेंड होती. आन माझ्याच पोटच्या पोरीचं मी काय केलं, ते सांगायला तोंड न्हाई. तरी सांगते. अनुपमा तिचं नाव, सहा वर्षांची हाय, पहिलीला जाते.

लगीनसराईचे दिवस होते. पंचफुलाबाईंच्या लेकीचं लग्न. त्यांनी येसराचं सगळं सामान आणून टाकलं, गहू, डाळ, धने, खोबरं. भाजून दळायचं, त्याचीच पंगतीला आमटी. "भागम्मा, भाजायचं बी तूच बघ. तुझ्या नाकावर माझा भरवसा हाय," म्हणल्या. मी फुगले. मागच्या खोलीत कढई ठेवली, बारीक आचेवर खोबरं टाकलं, आन तेवढ्यात सकाळपासून गेलेली लाईट आली. भाईर पाच बाया डबे घेऊन खोळंबलेल्या. मशीनवर कोण जाणार? मी अनूला उंबऱ्यावर बसवलं.

"कढईला हात लावू नको. करपल्याचा वास आला की पळत ये."

तिनं मान हलवली.

मशीनचा दणदणाट, नाकात मिरचीचा खकाणा, मला काय कळणार! बायांत बसलेल्या पंचफुलाबाईच उठल्या. "अगं बाई, काय जळायलंय गं?" मी आत पळाले. खोबऱ्याचा कोळसा झालेला, धूर कोंडलेला, आन ही माझी बया खोकत खोकत उंबऱ्यावर बसलेली, हात मांडीवर.

"नाकाखाली जळायलंय आन तुला वास येईना? नाक हाय का भोक?"

"आला होता वास," ती म्हणली.

मग तर माझं डोकंच फिरलं. वास आला होता आन हाक मारली न्हाई! बायांच्या देखत दोन थोबाडीत दिल्या. "चार माणसांत माझं नाक कापलंस!" म्हणलं. एक बाई म्हणली, "नाक विसरून आली वाटतं आईच्या पोटात." सगळ्या हसल्या. आन मी बी हसले. पोरीच्या गालावर माझी बोटं उठलेली, तरी मी हसले. ती रडली न्हाई, नुसती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मला वाटलं, काय निब्बर पोरगी हाय.

पंचफुलाबाईंनी दुसरं खोबरं आणलं, काम उरकलं.

आठ दिवसांनी शाळेतून राजेश्री मॅडमनी बोलावलं. अनूच्या डब्यातला भात आंबला होता. शेजारच्या पोरी नाक धरून उठल्या, आन ही मांडी घालून खात बसली. डबा मीच भरलेला, घाईघाईत, रातच्या भाताचा.

"ताई, हिला वास कमी येतो का?" मॅडमनी विचारलं.

मी उसळलेच. "मॅडम, दुकानात पाय ठेवला की शिंकते ही. ठसका लागतो, डोळ्याला धार लागते. नाक पक्कं हाय तिचं."

"ठसका म्हणजे झोंबणं, ताई. ते वेगळं आणि वास वेगळा. एकदा परभणीला डॉक्टरांना दाखवा."

दहा वर्षं मिरचीत बसून मला हे ठाऊक नसावं! रस्ताभर मी मॅडमलाच शिव्या दिल्या, मनातल्या मनात.

घरी आल्यावर म्हणलं, चल अनू, खेळ खेळू. ओढणीनं तिचे डोळे बांधले. एका वाटीत भाजलेले धने घेतले, दुसरीत तोच आंबलेला भात. भाताची वाटी नाकाशी धरली.

"कशाचा वास हाय? चांगला का घाण?"

ती नुसती मान इकडं तिकडं करायली.

"बोल की."

"डोळं बांधल्यावर कसं कळंल, आई? तुझं तोंडच दिसंना."

मी वाटी खाली ठेवली. ओढणी सोडली. मग पोरीनं मला करून दाखवलं. आई नाक असं आवळती तवा घाण वास, आई भुवया वर करून "वा" म्हणती तवा चांगला वास. तिला वाटायचं, समद्यांना असंच कळतं.

"मग त्या दिवशी, खोबरं जळालं तवा?"

"तवा तू भाईर होतीस की. मी कुणाकडं बघू? तू आत आलीस, नाक आवळलंस, तवा आला वास." मग म्हणली, "मी सांगितलं की तुला."

सांगितलं होतं. पोरगी खरं बोलली होती, आन मी तिला आडमुठी ठरवून मारलं, वर बायांसंगं हसले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. रात्री विरेशला सांगताना सुदिक मी त्याच्याकडं बघू शकले न्हाई. सोमवारी परभणीला जायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात त्या दिवशी हसलेल्यांतल्या तीन बाया होत्या, पंचफुलाबाई बी लग्नाची बुंदी घेऊन आलेल्या. मी मशीन बंद केली. अनूला म्होरं घेतलं.

"ऐका," म्हणलं. "माझ्या लेकीला वासच येत न्हाई. पहिल्यापासून येत नसंल. मी आई असून मला कळलं न्हाई, आन तुमच्या देखत मी तिला मारलं. चूक माझी हाय."

बोलता बोलता माझं तोंड वाकडं झालं, नाक आवळलं, ओठ मुडपले. अनू खालून माझ्याकडंच बघायली होती. तिनं पटकन स्वतःचं नाक धरलं.

"आई, घाण वास यायलाय ना?"

"व्हय बाळा," मी म्हणलं. "माझाच हाय."